सरकारी आरोग्यखर्चाचा फायदा गरिबाला की श्रीमंताला, हे मोजायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हातात घरोघरी केलेला एक सर्व्हे आहे, त्यात कोण आजारी पडलं, उपचार कुठे घेतले, खिशातून किती गेले हे विचारलंय, घराचा एकूण खर्चही आहे, आणि दुसरीकडे आरोग्य खात्याचा वर्षाचा हिशोब आहे. यावरून सरकारी पैसा गरिबापर्यंत पोचतो की वरचेच घेऊन जातात हे सांगता येईल का, आणि सरकारी दवाखान्यात येणाऱ्यांत गरीब किती एवढं मोजलं तर पुरेल का?

सांगता येतं, पण नुसती डोकी मोजून पुरत नाही. दवाखान्यासमोरच्या रांगेत गरीब जास्त दिसतात हे बहुतेक ठिकाणी खरं असतं, पण सरकारचा मोठा पैसा जातो वॉर्ड, ऑपरेशन थिएटर आणि स्पेशालिस्ट डॉक्टरांवर, आणि तिथे कोण पोचतं हा वेगळाच प्रश्न आहे. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि माझं मत असं झालंय की यातलं उत्तर सर्व्हेत कमी आणि एका भेटीमागे सरकारला किती खर्च आला म्हणजे युनिट कॉस्ट काय धरली यात जास्त ठरतं. लोक नेमकं तिथेच घाई करतात.

या पद्धतीला बेनिफिट इन्सिडन्स अॅनालिसिस म्हणतात, जुनी आहे, १९७९ मध्ये जागतिक बँकेतून मलेशियावर जेकब मीरमन यांचा आणि कोलंबियावर मार्सेलो सेलोव्स्की यांचा असे दोन अभ्यास आले तिथून ती रुळली. गणित तसं शाळेतलंच आहे. लोकांना गरीब ते श्रीमंत असं रांगेत लावायचं, पाच सारखे गट म्हणजे क्विंटाइल पाडायचे, प्रत्येक गटाने वर्षात सरकारी ओपीडी किती वेळा वापरली, अॅडमिट किती झाले ते काढायचं, त्याला त्या त्या सेवेच्या युनिट कॉस्टने गुणायचं, लोकांनी सरकारी दवाखान्यात जी फी भरली ती वजा करायची, उरली ती सबसिडी. मग एकूण सबसिडीतला किती वाटा कुठल्या गटाला गेला ते बघायचं.

आता एक बनवलेलं उदाहरण घेऊ, आकडे काल्पनिक आहेत पण चित्र बऱ्याच गरीब देशांत असंच दिसतं. प्राथमिक केंद्रातल्या भेटींपैकी तळच्या गटाच्या ३० टक्के, मग २५, २०, १५ आणि वरच्या गटाच्या १०. हॉस्पिटलात अॅडमिट होणाऱ्यांत तळचे १० टक्के, मग १४, १८, २६ आणि वरचे ३२. आणि सरकार आपल्या पैशातला २५ टक्के प्राथमिक केंद्रांवर घालतं, ७५ टक्के हॉस्पिटलांवर. फी सध्या सोडून द्या. तळच्या गटाला मिळाला एकूण पैशाचा १५ टक्के, वरच्याला २६.५ टक्के. प्राथमिक केंद्रात गरीब वरच्यांच्या तिप्पट आहेत, तरीही पैसा वर गेला. हेच वाटप निम्मं निम्मं असतं आणि कोण कुठे जातं यात काहीच बदललं नसतं, तर तळच्याला २० टक्के आणि वरच्याला २१, म्हणजे जवळपास सारखं. म्हणून मी कुणाच्याही रिपोर्टमध्ये आधी एकूण आकडा बघतच नाही, प्राथमिक केंद्र, हॉस्पिटल ओपीडी, हॉस्पिटल अॅडमिशन असे तीन वेगळे तक्ते आहेत का ते बघतो, नसतील तर त्या रिपोर्टवरून धोरणाबद्दल काही बोलता येत नाही.

पुढचा गोंधळ तुलनेचा. तळच्या गटाला १५ टक्के मिळाले हे कमी की जास्त? तुलना लोकसंख्येशी केली तर कमी, कारण ते २० टक्के लोक आहेत, म्हणजे खर्च श्रीमंतांकडे झुकलेला. तुलना उत्पन्नाशी केली तर जास्त, कारण समजा देशाच्या एकूण उत्पन्नात त्यांचा वाटा ७ टक्केच आहे आणि वरच्यांचा ४५, मग वरच्यांना मिळालेले २६.५ टक्के त्यांच्या ४५ च्या मानाने थोडेच झाले, आणि खर्चाने विषमता जरा कमी केली असं म्हणावं लागतं. दोन्ही वाक्यं एकाच तक्त्यातून खरी निघतात, आणि मंत्रालयाच्या प्रेसनोटमध्ये दुसरं येतं आणि संस्थांच्या निवेदनात पहिलं. मी दोन्ही छापतो. पण एकच निवडायला लावलं तर लोकसंख्येशी केलेली तुलना निवडेन, कारण उत्पन्नाशी तुलना फारच सोपी परीक्षा आहे, सरकारने सगळ्यांना अगदी सारखं वाटलं तरी ती पास होते, आणि श्रीमंताला गरिबाच्या तिप्पट दिलं तरी बऱ्याचदा पास होते.

एका आकड्यात सांगायचं तर कॉन्सन्ट्रेशन इंडेक्स काढतात. लॉरेन्झ वक्रासारखाच वक्र, आडव्या अक्षावर गरिबापासून लोक, उभ्यावर सबसिडीचा साठत जाणारा वाटा. इंडेक्स उणे एक ते अधिक एक यांच्यात राहतो, उणे आला तर गरिबांकडे झुकलेला, अधिक आला तर श्रीमंतांकडे. वरच्या उदाहरणात प्राथमिक केंद्रांचा उणे ०.२० येतो, हॉस्पिटलचा अधिक ०.२२ आणि एकूण अधिक ०.१२. यातून उत्पन्नाचा गिनी, म्हणजे उत्पन्न किती विषम वाटलं गेलंय ते सांगणारा तसाच आकडा, वजा केला की ककवानी इंडेक्स, नानक ककवानी यांनी १९७७ मध्ये करांसाठी मांडलेला, तो उणे आला तर खर्च उत्पन्नापेक्षा कमी विषम. एक सावधगिरी, वक्र कर्णरेषेला, म्हणजे सगळ्यांना सारखं मिळालं तर येणाऱ्या सरळ रेषेला, मध्येच छेदत असेल तर इंडेक्स शून्याच्या आसपास येऊ शकतो आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळं समान आहे, प्रत्यक्षात मधले गट घेऊन जातात आणि दोन्ही टोकं कोरडी. वक्र काढून डोळ्यांनी बघणं सोडू नका.

आता युनिट कॉस्टकडे येतो, इथे जरा थांबणार आहे.

सगळ्यात सोपं म्हणजे राष्ट्रीय हिशोबातून हॉस्पिटलांचा एकूण खर्च घ्या, एकूण अॅडमिशननी भागा, झाली सरासरी. हे केलंत की तुम्ही नकळत असं म्हणताय की मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात हृदयाचं ऑपरेशन झालेला आणि लांबच्या तालुक्यातल्या छोट्या रुग्णालयात जुलाब लागून दोन दिवस सलाइनवर पडलेला, दोघांना सरकारने सारखंच दिलं. आणि मोठ्या हॉस्पिटलात कोण पोचतं तर शहरातला, ओळखीचा, रेफर चिठ्ठी कशी मिळवायची हे माहीत असलेला. म्हणजे सरासरीने भागलं की खर्च आहे त्यापेक्षा जास्त गरीबधार्जिणा दिसतो, चूक नेहमी त्याच बाजूला. म्हणून जमेल तितकं फोडा, जिल्हावार किंवा राज्यवार, हॉस्पिटलच्या पातळीवार, ओपीडी वेगळी, अॅडमिशन वेगळं. आणि बजेटमध्ये मंजूर झालेला आकडा घेऊ नका, प्रत्यक्ष झालेला खर्च घ्या, गरीब भागांत मंजूर पैसा खर्चच होत नाही हे फार कॉमन आहे, डॉक्टरची जागा रिकामी म्हणून पगार गेला नाही वगैरे.

हॉस्पिटलच्या हिशोबात ओपीडी आणि अॅडमिशन बहुतेक ठिकाणी एकत्रच असतात, मग एक अॅडमिट दिवस म्हणजे इतक्या ओपीडी भेटी असं काहीतरी प्रमाण धरावं लागतं. ते धरा, पण दोन-तीन वेगवेगळी प्रमाणं धरून उत्तर किती हलतं तेही दाखवा. अॅडमिशन मोजायची की दिवस हाही प्रश्न आहे. गरीब पेशंट उशिरा येतो म्हणून जास्त दिवस राहतो, किंवा रोजगार बुडतो म्हणून अंगावर काढत लवकर घरी जातो, दोन्ही बघितलंय, त्यामुळे सर्व्हेत दिवस विचारले असतील तर दिवस घ्या.

फी वजा करण्यात एक सापळा आहे जो बरेच दिवस कुणी नीट बोलत नव्हतं. सगळ्यांची युनिट कॉस्ट सारखी धरली आणि फी वजा केली, तर ज्याने जास्त फी भरली त्याची सबसिडी कमी दिसते. जास्त फी भरतो श्रीमंत. पण तो जास्त फी का भरतो? बऱ्याचदा त्याच्या जास्त टेस्ट झाल्या, वेगळी खोली घेतली, महाग औषध मिळालं, म्हणजे त्याच्यावर सरकारचाही जास्त खर्च झालेला असतो. अॅडम वॅगस्टाफ यांनी २०१२ मध्ये हाच मुद्दा धरून दाखवलं की युनिट कॉस्ट फीच्या प्रमाणात वाढते असं धरलं तर तोच डेटा कितीतरी जास्त श्रीमंतधार्जिणं चित्र देतो. दुसऱ्या बाजूने, जिथे गरिबाला फी माफ असते आणि बाकीच्यांना त्याच सेवेची फी पडते, तिथे सारखी युनिट कॉस्ट धरणंच बरोबर. म्हणजे तुमच्या देशात फी कशावर लागते हे तुम्हाला जाऊन समजून घ्यावं लागेल, सॉफ्टवेअर सांगणार नाही. जागतिक बँकेचं अॅडेप्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते या वेगवेगळ्या गृहीतकांवर उत्तरं काढून देतं, पण कुठलं लागू आहे ते तुम्हीच ठरवायचं.

फीमध्ये काय धरायचं तेही बघा. सरकारी हॉस्पिटलात भरती झालेल्याने बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली औषधं, बाहेर करून आणलेला सीटी स्कॅन, जायचा-यायचा खर्च, वॉर्डबॉयच्या हातावर टेकवलेले पैसे, हे काही सरकारच्या तिजोरीत गेलेलं नाही. हे वजा केलंत तर सबसिडी खोटीच कमी दिसेल, आणि ज्यांना औषधं बाहेरून आणावी लागली ते बहुतेक गरीबच असतात.

गरीब कोण हे ठरवणं सोपं वाटतं, तसं नाहीये. घराचा दरडोई खर्च घेतात, चांगलं माप आहे, पण त्या खर्चात उपचाराचा खर्चही धरलेला असतो. कर्ज काढून किंवा दागिने मोडून ऑपरेशन केलेलं घर त्या वर्षी अचानक वरच्या क्विंटाइलमध्ये जाऊन बसतं आणि तुमचा निष्कर्ष निघतो की हॉस्पिटल श्रीमंत वापरतात. खिशातला आरोग्यखर्च वजा करून पुन्हा रांग लावून बघा, उत्तर बदललं तर दोन्ही द्या. ज्या सर्व्हेत खर्च विचारलेलाच नाही तिथे घरातल्या वस्तूंवरून म्हणजे टीव्ही, गाडी, भिंती, संडास यावरून मालमत्तेचा इंडेक्स करतात, फिल्मर आणि प्रिचेट यांनी २००१ मध्ये मांडल्यावर ते फार पसरलं. काम चालतं, पण शहरातला गरीब त्यात वर सरकतो कारण वीज आणि नळ शहरात असतातच. आणि हॉस्पिटलंही शहरात. म्हणजे रांगही शहराकडे झुकलेली, वापरही शहराकडे झुकलेला, आणि आकडा फुगतो. शहर आणि गाव वेगवेगळी रांग लावून एकदा बघून घ्या.

क्विंटाइल माणसांचे पाडा, घरांचे नको. गरीब घरात माणसं जास्त असतात, घरांचे पाडले तर तळच्या गटात २० टक्क्यांपेक्षा जास्त माणसं येतात आणि त्यांचा वाटा फुगून दिसतो. नवीन माणसं इथे हमखास अडकतात.

आणि हो, वरच्या गटाला आपण श्रीमंत श्रीमंत म्हणतोय, पण गरीब देशातल्या वरच्या २० टक्क्यांत शाळामास्तर, क्लार्क, छोटा दुकानदार हेच असतात, खरा श्रीमंत सर्व्हेवाल्याला दारातच उभा करत नाही आणि सरकारी वॉर्डातही येत नाही. त्यामुळे श्रीमंत लुटतात अशी हेडलाइन करायच्या आधी त्या गटाची घरं कशी आहेत ते डेटात बघा.

आठवणीचा काळ. ओपीडीसाठी सर्व्हे सहसा गेल्या दोन आठवड्यांचं किंवा महिन्याचं विचारतात, अॅडमिशनसाठी वर्षाचं. वर्षाचं करायला दोन आठवड्यांच्या ओपीडीला २६ ने आणि महिन्याच्या ओपीडीला १२ ने गुणावं लागतं, म्हणजे दोन आठवड्यांतली छोटी चूक तेवढीच मोठी होते, आणि सर्व्हे पावसाळ्यात झाला की हिवाळ्यात यानेही फरक पडतो. त्याहून अवघड म्हणजे आजारी होतात का या प्रश्नाला गरीब माणूस कमी वेळा हो म्हणतो, कारण अंथरूण धरल्याशिवाय आजार त्याच्या हिशोबातच नसतो. भेटी मोजताना याचा त्रास कमी होतो, पण आजारी असलेल्यांपैकी किती जणांना उपचार मिळाले असं प्रमाण काढायला गेलात की फसलात. हॉस्पिटलात जाऊन वारलेल्यांबद्दल विचारलंय का तेही बघा, भारताच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आरोग्य फेऱ्यांत वर्षभरात वारलेल्या सदस्यांचं अॅडमिशन विचारतात, बऱ्याच सर्व्हेत नाही, आणि शेवटच्या आजारात सरकारचा खर्च मोठा असतो.

यातलं बरंच टेक्निकल झालं, पण मूळ प्रश्न न्यायाचा आहे आणि तो या तक्त्यात पूर्ण मावत नाही. गरिबाला २० टक्के मिळाले म्हणजे समान झालं का? गरीब जास्त आजारी असतो, लहान वयात असतो, बाळंतपणं जास्त असतात, त्याची गरजच ३० टक्के असेल तर २० टक्के म्हणजे कमीच. ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरने १९७१ मध्ये लिहिलं होतं की चांगल्या सेवेची उपलब्धता गरजेच्या उलट दिशेने बदलते, आणि आमच्या या पद्धतीत गरज मुळातच नाही. वय, लिंग आणि तब्येतीची माहिती असेल तर गरजेप्रमाणे अपेक्षित वापर काढून त्याच्याशी प्रत्यक्ष वापर ताडून बघतात, ते करा, निदान वय आणि लिंगापुरतं तरी करा. शिवाय आपण मोजतो सरकारने किती घातलं ते, पेशंट बरा झाला का ते नाही. डॉक्टर हजर नव्हता, शिशी रिकामी होती, तरी भेट मोजली जाते आणि पगाराचा पैसा त्याच्या नावावर लाभ म्हणून चढतो. सेवा इतकी वाईट की परवडणारा कुणी फिरकतच नाही, तिथेही आकडा गरीबधार्जिणा येतो. असा आकडा बघून टाळ्या वाजवणारे पाहिलेत म्हणून सांगतोय.

जगातलं चित्र काय आहे? आफ्रिकेतल्या देशांचे नव्वदच्या दशकातले सर्व्हे घेऊन केलेल्या कामात घानामध्ये तळच्या २० टक्क्यांना १२ टक्के आणि वरच्यांना ३३ टक्के मिळत होते, गिनी या देशात ४ आणि ४८. भारतात १९९५-९६ च्या सर्वेक्षणावरून निघालं की तळच्या पाचव्या हिश्शाला १ रुपया गेला तर वरच्याला सुमारे ३. पण हे अटळ नाही. आशियातल्या ११ देश-प्रांतांची तुलना २००७ मध्ये आली, त्यात बहुतेक गरीब देश श्रीमंतधार्जिणे निघाले, पण मलेशिया, श्रीलंका, थायलंड वेगळे होते, आणि त्यामागची कारणं साधी होती, फी कमी किंवा गरिबाला फीपासून खरोखर वाचवणारी व्यवस्था, आणि दूरवर पसरलेलं दवाखान्यांचं जाळं. वर एक गोष्ट अशी की देश जरा सधन झाला की वरचे लोक स्वतःहून खासगीकडे जातात आणि सरकारी सेवा आपोआप खालच्यांना मोकळी होते, यात सरकारचं कर्तृत्व किती ते वेगळं काढावं लागतं.

तुमच्याकडे सरकार विम्यातून खासगी हॉस्पिटलला पैसे देत असेल तर तो खर्चही सरकारीच आहे, आणि त्याचे लाभार्थी सर्व्हेत खासगी हॉस्पिटलच्या रकान्यात पडलेले असतील. त्यांना शोधून आत घ्या. सरकारी नोकरांच्या वेगळ्या आरोग्य योजना असतील तर त्याही, या योजनांचा माणशी खर्च सर्वसाधारण सेवेपेक्षा बराच जास्त असतो आणि लाभार्थी तळच्या गटात जवळजवळ नसतात, त्या वगळल्या की चित्र उगाच गोड दिसतं. लसीकरण मोहिमा, डासांवर फवारणी, साथीवर लक्ष ठेवणं यांचा लाभ माणसागणिक नीट वाटता येत नाही, तो खर्च बाजूला ठेवा आणि किती ठेवला ते लिहा.

शेवटचं, कारण हे विचारणारा पुढे हमखास विचारतो की बजेट वाढवलं तर फायदा कुणाला. या तक्त्यावरून ते सांगू नका. हा सरासरी वाटा आहे, वाढलेल्या पैशाचा वाटा वेगळा असू शकतो. लॅनजो आणि रॅव्हॅलियन यांनी १९९९ मध्ये ग्रामीण भारतातल्या शाळा आणि गरिबी हटाव योजनांच्या आकड्यांवरून दाखवलं की योजना सुरू झाली की आधी बरे असलेले आत येतात, आणि पुढे ती वाढत गेली की नवीन येणारे जास्त करून गरीब असतात. तसं असेल तर सरासरी श्रीमंतधार्जिणी आहे म्हणून बजेट कापलं की पहिले बाहेर पडतील ते गरीबच. हे तपासायला दोन वेगवेगळ्या वर्षांचे सर्व्हे लागतात, किंवा कमी-जास्त कव्हरेज असलेल्या जिल्ह्यांची तुलना. तुमच्याकडे एकाच वर्षाचा सर्व्हे आहे पण जिल्हे भरपूर असतील तर दुसरा रस्ता मोकळा आहे, फक्त जिल्ह्यागणिक सॅम्पल लहान पडेल, मग जिल्हे चार-पाच मोठ्या गटांत बांधा आणि सर्व्हेचे वेट (निवडलेलं एक घर किती घरांच्या वतीने बोलतं ते) आणि क्लस्टर (घरं एकेका गावातून किंवा वस्तीतून गटाने निवडलेली असतात ते) धरून एररची मर्यादा काढा, नाहीतर दोन टक्क्यांच्या फरकावर लोक भांडत बसतील आणि तो फरक सॅम्पलच्या खेळाएवढाच असेल.